रिकाम्या डब्याची नोंद

"‘बरा’ म्हणजे किती सेंटीमीटर, कुंजीरबाई?"

गद्रेसाहेबांनी नोंदवही शकूच्या पुढ्यात धरली होती. वहीत तिच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ होती: प्लॉट सात, ऊस बरा आहे.

शकूला वाटलं, साहेब चेष्टा करतायत. ती हसली. साहेब हसले नाहीत.

"आणि प्लॉट आठला ‘जोरात’ लिहिलंय. जोरात म्हणजे ऊस पळतो का? पळत असेल तर तसं लिहा. आपल्याला पेपरात देता येईल."

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या उसाच्या संशोधन शेतावर शकू रोजंदारीवर खुरपणीला जायची. नोंदी ठेवणारा माणूस पाय मोडून घरी बसला, तेव्हा श्यामसुंदर गद्रे खुरपणाऱ्या बायकांच्या ओळीपाशी येऊन म्हणाले, "लिहिता कोणाला येतं?" शकू दहावी पास होती. लग्नानंतर सात वर्षांत किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं, तरी तिचा हात वर गेला. गद्रे नारायण पेठेतून रोज लूनावर यायचे, डोक्यावर रुमाल बांधून. त्यांचा आवाज कधी चढत नसे. मात्र ते जे हळू आवाजात बोलत, ते ऐकण्यापेक्षा ओरडा बरा, असं शेतावरचे लोक म्हणायचे.

काम सोपं होतं. प्रत्येक प्लॉटमधल्या दहा उसांना लाल फीत बांधलेली. दर पंधरा दिवसांनी तेच दहा ऊस मोजायचे: उंची किती, जाडी किती, पानं किती, फुटवे किती. एकदा फितीतला एक ऊस रानडुकरांनी मोडला. शकूनं विचार केला, जागा रिकामी कशाला ठेवायची? तिनं शेजारच्या उसाला फीत बांधली आणि त्याची उंची लिहिली.

"कुंजीरबाई," दुसऱ्या दिवशी गद्रे म्हणाले, "तुमचा चार नंबरचा ऊस पंधरा दिवसांत नऊ सेंटीमीटरनं आखूड झालाय. उपास करतो का तो?"

शकूनं खरं काय ते सांगितलं.

"मोडला तर ‘मोडला’ लिहा. शेजारचा धरायचा नाही. दिसलं ते लिहायचं. जे दिसलं नाही, ते वहीत येता कामा नये."

त्या दिवशी शकूला राग आला होता. पण हळूहळू या कामात तिला गोडी वाटायला लागली. उसाच्या पानांतून वाकून चालताना हातावर चरे उठायचे, घामानं ते चुरचुरायचे, आणि तरीही फितीचा ऊस सापडला की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. आधी तिला ऊस म्हणजे हिरवी भिंत दिसायची. आता त्या भिंतीत दहा जण वेगवेगळे उभे असायचे. एक डावीकडे कललेला, एकाच्या तिसऱ्या कांडीवर भोक, एक नुसताच उंच आणि आतून पोकळ.

घरची वही सुरू झाली ती सासूमुळे.

सोजरबाई तिखट जिभेची. शकूची भाकरी, शकूचं झाडणं, शकूचं कामावर जाणं, कशातही खोट काढल्याशिवाय तिचा दिवस मावळत नसे. शकू शेतावर येऊन बायकांना सांगायची, "आमच्या आत्याबाई लई वंगाळ वागतात." एकदा असंच बोलून झाल्यावर ती पंपघराच्या भिंतीला टेकून भाकरी सोडायला बसली, आणि तिच्याच डोक्यात साहेबांचा आवाज आला: वंगाळ म्हणजे किती?

तिच्याजवळ कार्यालयानं बाद केलेली एक जाड वही होती. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं उरली होती. तिनं लिहिलं:

"आत्याबाईंनी सकाळी सहा भाकऱ्या केल्या. पहिली करपली. ती आपल्या ताटात घेतली. मला म्हणाल्या, तुला भाकरी येत न्हाय, तुझ्या आईनं काय शिकवलं. हे म्हणताना तव्यावरची ताजी भाकरी माझ्या फडक्यात बांधली. वर लोणचं ठेवलं. लोणच्याची फोड मोठी होती."

लिहून झाल्यावर तिनं मांडीवरचं फडकं पाहिलं. फोड खरंच मोठी होती. लग्नाला सात वर्षं झाली, रोज सकाळी ही बाई आपल्याला ताजी भाकरी बांधून देते आणि करपलेली आपण खाते, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र रोज होतं.

मग तो नेमच पडला. भाकरी दहा मिनिटांत, वही वीस मिनिटं. पाच ओळी, फार तर सात. छान, वाईट, सुंदर, बिचारा, असले शब्द लिहायचे नाहीत. एखाद्या दिवशी काहीच सुचलं नाही तर पंपघराच्या दारातून जे दिसेल ते लिहायचं, पण कोरं पान ठेवायचं नाही. कधी कधी ती नुसतं लिहायची, "कुत्रं आलं. सावलीत बसलं. सावली सरकली तसं सरकलं. तीनदा." महिन्या दोन महिन्यांनी तीच ओळ वाचताना त्या दुपारची सगळी गोष्ट तिच्या मनात उभी राहायची. बाकीच्या बायका झोपायच्या. त्यांना वाटायचं, शकूला साहेबांनी जादा काम लावलंय.

घरी वही लपवून ठेवणं दोन आठवडेच जमलं. सोजरबाईला वाचता येत नव्हतं, पण आपल्या घरात नवी वस्तू आली आणि ती आपल्याला दाखवली नाही, हे तिला बरोबर कळायचं.

"काय लिहितीस गं? माझ्या नावानं बोटं मोडतीस का त्यात?"

"तसं न्हाय, आत्याबाई."

"मग वाच. आत्ताच्या आत्ता."

शकूनं घाबरत घाबरत करपलेल्या भाकरीचं पान वाचलं. सोजरबाई ऐकत राहिली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "फोड मोठी नव्हती. मधली होती. खोटं लिहू नगंस."

त्या दिवसापासून संध्याकाळी चुलीपाशी बसलं की म्हातारी विचारायची, "आज काय दिसलं?" शकू वाचायची. जिथं गोष्ट लांबली, तिथं सोजरबाई चुलीत फुंकर मारायला वळायची. शकू समजायची, इथं दोन ओळी कमी करायच्या. जिथं म्हातारीचा हात परातीत थांबायचा, तिथं काही बदलायचं नाही. शकूला लिहायला शिकवलं ते या दोघांनी: एक जण कमी बोलायचा, एक जास्त बोलायची.

पाच सहा वर्षं गेली. एक दिवस गद्रेसाहेबांच्या हातात चुकून शेताच्या वहीऐवजी घरची वही पडली. ते उभ्या उभ्या वाचत राहिले. तासाभरानं परत देताना एवढंच म्हणाले, "आमच्या वहिनी दिवाळी अंक काढतात. चालत नाही फारसा. त्यात असलं काही नसतं म्हणूनच चालत नसेल."

पद्मजा गद्रे नारायण पेठेत घराच्या पुढच्या खोलीतून अंक काढायच्या. ब्याण्णव साली त्यात शकू कुंजीर या नावानं पहिली कथा आली. करपलेली भाकरी खाणाऱ्या सासूची. सोजरबाईनं अंक लाल फडक्यात बांधला आणि गावभर फिरवला. वाचायला शाळेचे मास्तर, ऐकायला पाराभोवतीची माणसं. "ही मीच हाय," ती प्रत्येक पानाला सांगायची. "हे बी खरं हाय. शकू खोटं लिहीत न्हाय. तिला साहेबांचा दंडकच हाय तसा." पुढं दर दिवाळीला एक कथा आली आणि दर दिवाळीला पारावर वाचन झालं. कोणत्या कथेत कोण आहे, हे मांजरीत लहान पोरांनाही ठाऊक असायचं. लोक रागावत नसत. उलट आमची म्हैस का घेतली नाही, असं विचारणारेही होते.

शकूची एकुलती मुलगी मैना. बारावीला तिला चांगले मार्क पडले आणि ती पुण्यात कॉलेजला जायला लागली. मैनाचा बाप संपत मार्केट यार्डात टेम्पोनं माळवं पोचवायचा. त्याचं म्हणणं होतं की बारावी पुष्कळ झाली. शकूनं आणि सोजरबाईनं मिळून त्याला नमवलं. तो तयार झाला, पण एक बोट वर करून. "एक जरी वेडंवाकडं कानावर आलं, तर दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद. मग मला सांगायला यायचं न्हाय."

ते बोट शकूच्या मनातून कधी खाली गेलंच नाही.

सकाळची बस निघाली की तिला काळजी लागायची, आणि संध्याकाळी मैना अंगणात दिसेपर्यंत ती जायची नाही. हडपसरचा रस्ता, भरधाव ट्रक, दारात लोंबकळणारी माणसं, शहरातली मुलं. मैनाला काही विचारलं की ती म्हणायची, "काही न्हाय गं," आणि आत जायची. विचारून मिळत नाही म्हटल्यावर शकूनं विचारणं सोडलं. तिला दुसरी रीत ठाऊक होती. नव्याण्णवच्या जुलैपासून वहीत रोज मैना यायला लागली.

"मैना सव्वासातला आली. कॉलेज चारला सुटतं."

"डबा रिकामा. तरी आल्या आल्या तीन भाकऱ्या खाल्ल्या. उभ्यानंच."

"निळ्या ओढणीला फिनेलचा वास."

"आरशात बघत नाही. पूर्वी बघायची."

"डबा रिकामा. धुतलेला. ती कधी डबा धुऊन आणत नव्हती."

"डोळे सुजलेले. म्हणाली, बसमध्ये धूळ."

दोन महिने अशा नोंदी होत्या. मग एका दुपारी पंपघराशी बसल्या बसल्या त्या सगळ्या एका सुतात ओवल्या गेल्या. पोरगी रोज आपला डबा कुणाला तरी देते. उपाशी राहून देते. तो डबा धुऊन परत करतो. उशीर त्याच्यासाठी, रडणं त्याच्यासाठी. भीतीच्या भरात शकूनं तिथंच लिहायला घेतलं. पाच ओळींचा नेम मोडला. चार दुपारी आणि दोन रविवार ती लिहीत होती. कथेतल्या मुलीचं नाव सुमी. चेक्सचा शर्ट घातलेला, हसताना मान खाली घालणारा एक मुलगा. त्याच्यासाठी रिकामा होणारा डबा. आणि घरी बसून सगळं कळणारी, काहीच न बोलणारी आई. लिहून संपलं तेव्हा तिला दोन महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. काळजी कागदावर उतरली की निम्मी होते, हे तिला एवढ्या वर्षांत कळलं होतं.

या वेळी तिनं सोजरबाईला वाचून दाखवलं नाही. तेवढी एकच गोष्ट तिनं नेमाविरुद्ध केली. कथा पाकिटात घालून पोस्टानं पाठवली.

पद्मजाबाईंचं कार्ड आलं. "अंकाची पहिली कथा हीच. आजवरची तुमची सर्वांत चांगली. प्रुफं तयार आहेत, नेहमीप्रमाणे मैनाला पाठवा."

नेहमीप्रमाणे. मैना पुण्यात जायला लागल्यापासून प्रुफं तीच आणायची. तिचं कॉलेज तिथून दहा मिनिटांवर. शकूनं तिला निरोप सांगितला आणि तिच्या मनात काही आलंसुद्धा नाही. कारण मैनाला आईच्या लिहिण्यात रस नाही, हे ती धरून चालली होती. पारावर वाचन असलं की पोरगी घरात दार लावून बसायची.

शुक्रवारी संध्याकाळी मैना आली. शकू गवारी मोडत होती. सोजरबाई शेजारी गेलेली, संपत टेम्पो घेऊन बाहेर. मैनानं पाकीट आईच्या पुढ्यात टाकलं. पाकीट उघडं होतं.

"काय म्हणाल्या पद्मजाताई?"

"म्हणाल्या, तुझी आई फार मोठी होणार."

शकूनं वर पाहिलं. मैनाचे ओठ पांढरे पडले होते.

"तू वाचलंस?"

"मी सगळंच वाचते तुझं. पैल्यापासनं. माझ्या ट्रंकेत सातच्या सात अंक हायेत. तुला ठावं न्हाय?"

शकूला ठाऊक नव्हतं.

"सुमी म्हणं!" मैनाचा आवाज फाटला. "निळी ओढणी, हडपसरची बस, डबा. सुमी कोण ते गावातलं शेंबडं पोरगंबी सांगंल. आजी अंक घिऊन पारावर बसंल, मास्तर वाचतील, आणि सगळे माना हलवून म्हणतील, शकू खोटं लिहीत न्हाय. मग अप्पा मला एक दिवस तरी कॉलेजात ठिवतील? दिवाळी झाली की लगीन लावून मोकळे व्हतील."

शकूच्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली. संपतचं वर केलेलं बोट रोज डोळ्यांपुढे ठेवून तिनं दिवस काढले होते, आणि लिहिताना नेमकं तेच विसरली होती.

"कोण हाय तो?" तिच्या तोंडून निघालं.

मैना हसली. ते हसणं शकूला पुढं कित्येक दिवस ऐकू येत राहिलं.

"आता विचारतीस? सहा पानं छापायला दिल्यावर? दोन महिने माझा डबा हुंगलास, ओढणी हुंगलीस, खाल्लेल्या भाकऱ्या मोजल्यास. एक दिवस जवळ बसून विचारलं का? मी काय प्लॉट सात हाय, फीत बांधून मोजायला? ऊस बोलत न्हाय. मला तोंड हाय की!"

"विचारलं तर तू काही न्हाय म्हणतीस..."

"एकदा म्हणले. दोनदा म्हणले. तिसऱ्यांदा विचारायचं असतं!" मैनानं ओढणीनं डोळे पुसले. "आता न्हाय सांगणार. छापायचं तर छाप."

ती आत गेली आणि जेवायला आली नाही. सोजरबाईनं विचारलं, "काय झालं पोरीला?" शकू म्हणाली, "डोकं दुखतंय." मग म्हातारीनं विचारलं, "आज काय दिसलं?" शकू म्हणाली, "काही न्हाय."

शनिवारी ती फितीचे ऊस मोजत फिरली आणि दोनदा आकडे चुकली. सोमवारी अंक छपाईला जाणार होता; कथा मागं घ्यायची तर त्याच्या आत. तिच्या मनात नको ते विचार येत होते. कथा चांगली होती. आजवर लिहिलेल्या कुठल्याही कथेपेक्षा चांगली, हे तिला आतून माहीत होतं. अंकाचं पहिलं पान! आणि त्याहून खोल दुसरा एक विचार होता. पोरगं खरंच असलं तर? आपण कथा मागं घेतली आणि उद्या पोरीनं काही भलतंच केलं तर? मैनानं "असं काही नाही" असं म्हटलं नव्हतं. नुसतं "सांगणार नाही" म्हटलं होतं. काहीच न कळता पोरीची बाजू घ्यायची, हे उसापेक्षा अवघड काम होतं. उसाला निदान टेप लावता येते.

रविवारी सकाळी ती एकटीच बसनं नारायण पेठेत गेली.

पद्मजाबाईंच्या पुढच्या खोलीत कागदांचे गठ्ठे रचलेले होते, आणि खिडकीपाशी गद्रेसाहेब शब्दकोडं सोडवत बसले होते. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. पद्मजाबाईंनी शकूचं म्हणणं ऐकून चष्मा काढला.

"मागं घ्यायची? शकूताई, ही काय लग्नपत्रिका आहे, मुहूर्त हुकला म्हणून मागं घ्यायला? उद्या मजकूर मशीनवर चढतोय. सहा पानं मोकळी राहिली तर तिथं काय, रांगोळीचे ठिपके छापू?"

"माझी चूक झाली, ताई."

"चूक कसली? असं लिहिणं वर्षाकाठी एकदा हाती येतं. नाव बदला, गाव बदला. मांजरीचं थेऊर करा, हाय काय आणि नाय काय."

"गाव बदललं तरी आमच्या आत्याबाई घरोघर जाऊन सांगतील, ही आमचीच मैना."

गद्रेसाहेबांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं होतं आणि प्रुफं वाचायला घेतली होती. ते सावकाश वाचायचे. 

"कुंजीरबाई," अखेर ते म्हणाले, "हा मुलगा. हा तुम्हाला कुठल्या तारखेला दिसला?"

"न्हाय दिसला, साहेब."

"मग पाचव्या पानावर त्याचा चेक्सचा शर्ट कुठून आला?"

"भावोजी!" पद्मजाबाई कडाडल्या. "ही कथा आहे, ऊस नाही. कथेत शर्ट घालायला कोणाची परवानगी लागत नाही."

"नाही लागत. मी तरी कुठं मागतोय?" गद्रे म्हणाले. "पण वहिनी, यातली पोरगी खरी आहे आणि शर्ट खोटा आहे. वाचणारा दोन्ही खरं धरणार. बाईंचा लौकिकच तसा आहे. त्याला थोडा मीही जबाबदार आहे."

"तो शर्ट मी शिवला, साहेब," शकू म्हणाली. "भीतीनं शिवला."

पद्मजाबाईंनी प्रुफं गोळा केली, मूळ हस्तलिखित शोधून काढलं, दोन्ही एका पाकिटात घातलं.

"पुढच्या वर्षी मी कार्ड टाकणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"बरं, ताई."

"आणि तुमच्या पोरीला सांगा, तिच्यामुळे आता माझ्या अंकाची पहिली कथा एका निवृत्त तहसीलदाराची असणार आहे. त्यात चंद्र अकरा वेळा उगवतो."

शकू उठली. जिन्यात तिला रडू फुटलं. कथेसाठी रडतोय की पोरीसाठी, हे तिचं तिला कळेना. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बस पकडली.

घरी आल्यावर तिनं मैनाला एवढंच सांगितलं, "परत आणली." मैनानं मान हलवली आणि वही उघडून अभ्यासाला बसली.

सोमवारी सकाळी शकूनं नेहमीपेक्षा दोन भाकऱ्या जास्त केल्या. सोजरबाई म्हणाली, "पाव्हणं येनार हायेत का?" फडताळातून शकूनं जुना पितळी डबा काढला, चिंचेनं घासला. मैनाच्या डब्यात दोन भाकऱ्या आणि वांग्याची भाजी भरली. पितळी डब्यात तेवढंच भरलं, वर ठेचा ठेवला. ज्या पोराच्या धास्तीनं तिनं दोन महिने काढले, त्याच पोरासाठी ती आता ताज्या भाकऱ्या बांधत होती. पण मैनानं रोज उपाशी राहावं, हे तिला त्याहून सोसत नव्हतं.

मैना पिशवी घेऊन बाहेर आली. दोन डबे पाहून थांबली.

"हा कुणाचा?"

"तू ज्याला देतीस, त्याचा. तुझा तू खा. पोट मारून अभ्यास व्हत न्हाय."

"कोण ते विचारणार न्हायस?"

"तुला सांगावं वाटलं तर सांग. न्हाय तर नको. डबा मातर घिऊन जा."

मैना उंबऱ्यावर बसली. बस यायला पंधरा मिनिटं होती.

"त्याला न्हाय," ती म्हणाली. "तिला. मंदाकिनी. माझ्या वर्गात हाय. जुन्नरच्या अंगाची. होस्टेलवर राहायची. जूनपासनं खोकत होती, मग तपासलं तर टीबी. सरकारी दवाखान्यात ठेवलीय."

"टीबी?" शकू मागं भिंतीला टेकली.

"बघ! हे तोंड बघ तुझं. याच्यासाठीच सांगितलं न्हवतं. सांगितलं असतं तर तू मला घरात कोंडलं असतंस."

असतंच कोंडलं. शकूला ते नाकारता येईना. तिच्या मनात एकाच वेळी दहा प्रश्न उठले. किती जवळ बसतेस, किती वेळ बसतेस, एका ताटात तर खात नाहीस ना, डॉक्टर काय म्हणाले, तुला खोकला तर नाही. तिनं दात आवळून धरले. तरी एक निसटलाच.

"तोंडाला रुमाल बांधतीस का?"

"आधी बांधत हुते. आता डॉक्टरांनीच सांगितलंय, औषध चालू होऊन दोन महिनं झाले, आता भ्यायचं कारण न्हाय. सिस्टरबाई लई चांगल्या हायेत. डबा त्याच धुऊन देतात."

"तिची आई?"

"आई न्हाय तिला. बाप पंधरवड्याला येतो. दवाखान्याची भाजी तिच्या घशाखाली उतरत न्हाय. वर्गातली बाकीची कोणी फिरकत न्हाईत." मैना गुडघ्यावर हनुवटी ठेवून बोलत होती. "परवा म्हणाली, मैने, तुझ्या घरची भाकरी जाड असती, पण गोड असती."

"ती आत्याबाईंची असणार," शकू म्हणाली. "माझी पातळ असती."

मैनाला हसू आलं. ते तिनं लगेच गिळलं, पण शकूनं पाहिलं होतं. ती मैनाच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. पितळी डबा मांडीवर घेऊन तिनं झाकण उघडलं.

"तिखट चालतं का तिला?"

"न्हाय. गोळ्यांनी तोंड आलंय."

शकूनं ठेचा काढला. उठून आत गेली, वाटीभर दह्याला फडकं बांधलं, गुळाचा खडा आणला. आतून सोजरबाई ओरडली, "माझा गूळ कुटं चालवलास?"

"अंडं खाती?"

"खाती."

"मग उद्यापासनं उकडून देते. किती दिवस ठेवणार हायेत तिथं?"

"अजून महिनाभर तरी. आई, बस आली बघ."

वळणावर बसचा भोंगा वाजला. मैना दोन्ही डबे पिशवीत कोंबत उठली. दोन पावलं गेली आणि वळली.

"हे वहीत घालायचं न्हाय हं."

"न्हाय घालत."

"मंदाकिनीला इचारल्याशिवाय तर मुळीच न्हाय."

"तूच इचार तिला. आणि ती काय म्हणती ते संध्याकाळी मला सांग."

मैना धावत सुटली. पिशवीत डब्यांचा आवाज होत होता. कंडक्टरनं तिच्यासाठी बस थांबवून धरली होती आणि तो काहीतरी बडबडत होता. शकूला ते इतक्या दुरून ऐकू आलं नाही. संध्याकाळी मैनालाच विचारायचं, असं तिनं ठरवलं.